ऑडिटचा पॅरा हाती आला, आता पुढे काय? नागपूरकरांसाठी सरकारी लेखापरीक्षण वाचण्याची आणि वापरण्याची रीत

एप्रिल 2002 मध्ये नागपूरच्या गणेशपेठ पोलीस ठाण्यात एक तक्रार दाखल झाली. तक्रारदार कुणी विरोधी पक्षाचा पुढारी नव्हता की उपोषणाला बसलेला कार्यकर्ता नव्हता. तो सहकार खात्याचा विशेष लेखापरीक्षक होता. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेडसारख्या खासगी कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेतल्याचं हिशेबात होतं आणि पैसेही गेले होते. रोखे मात्र बँकेच्या हाती आलेच नव्हते. व्याज धरून प्रकरण दीडशे कोटींच्या घरात गेलं. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि सावनेरचे आमदार सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. तिघे निर्दोष सुटले, केदारांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं, पुढे उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. तक्रार ते निकाल यात एकवीस वर्षं गेली.

लेखापरीक्षकाचं काम एका साध्या प्रश्नावर उभं असतं: नोंद आहे ना, मग वस्तू दाखवा. त्याला कुणाला अटक करता येत नाही, पैसे वसूल करता येत नाहीत. ‘भ्रष्टाचार’ हा शब्दही त्याच्या अहवालात बहुतेक वेळा सापडत नाही. तो आक्षेप लिहितो, त्यालाच ऑडिटच्या भाषेत ‘पॅरा’ म्हणतात, आणि पुढच्या कार्यालयात जातो. त्या आक्षेपाचं काय होतं हे बाहेरचं कुणी मागे लागलं तरच ठरतं, नाहीतर पॅरा वर्षानुवर्षं ‘प्रलंबित’ राहतो आणि एक दिवस गुपचूप वगळला जातो. हा लेख त्या मागे लागणाऱ्यांसाठी आहे. वकील किंवा सीए असायची गरज नाही. बेरीज-गुणाकार आणि चिकाटी एवढं भांडवल पुरतं.

पहिली पायरी: कुणाचं ऑडिट कोण करतं, ते आधी ठरवा

इथे चूक झाली की दोन-तीन महिने चुकीच्या दारात जातात.

राज्य सरकारची खाती, महामंडळं, सरकारी कंपन्या यांचं ऑडिट कॅग करतं, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. राज्यघटनेची कलमं 148 ते 151 आणि 1971 चा कायदा हा त्यांचा आधार. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवायची जी पद्धत, तीच कॅगला हटवायची. म्हणून मुख्यमंत्री चिडले तरी त्यांचं काही बिघडत नाही. आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये महालेखापालांचं कार्यालय आहे. एजी ऑफिस म्हटलं की नागपूरकरांना पेन्शन आणि जीपीएफच आठवतो, पण ती लेखा शाखा. ऑडिटची शाखा वेगळी.

जिल्हा परिषद, पंचायत समित्या, ग्रामपंचायती, कामठी-काटोल-उमरेडसारख्या नगरपरिषदा यांचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्याचा कायदा 1930 चा. नागपूर महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो आणि तो स्थायी समितीला अहवाल देतो. ज्या संस्थेचे हिशेब तपासायचे तिच्याच पगारावर बसायचं, ही रचना मला कधीच पटलेली नाही. त्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. म्हणजे खर्च मंजूर करणारा तोच आणि त्यावरचा आक्षेप वाचणाराही तोच. त्या काळातल्या खर्चाचे अहवाल आवर्जून मागा.

सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने सहकार कायद्याच्या कलम 81 खाली येतात. तिथे लेखापरीक्षकाला घोटाळा दिसला तर निबंधकाला विशेष अहवाल देऊन, त्याच्या परवानगीने गुन्हा नोंदवायची तरतूद कायद्यातच आहे. इतर ठिकाणच्या ऑडिटरला असं दार नाही.

दुसरी पायरी: अहवाल मिळवा

कॅगचे अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा, वर्ष निवडा. मराठी प्रतही बऱ्याचदा असते, पण तिची भाषा इतकी सरकारी की कधी कधी इंग्रजी प्रत शेजारी उघडून वाचावी लागते. नियम असा की अहवाल आधी राज्यपालांकडे जातो, मग विधिमंडळात मांडला जातो आणि तेव्हाच सार्वजनिक होतो. तो बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे चर्चा करायला कुणी जागेवर उरतच नाही. हिवाळी अधिवेशन नागपुरात असलं की शेवटच्या दिवसाच्या कामकाजपत्रिकेवर नजर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अहवाल उतरवून घ्या.

ग्रामपंचायतीसाठी केंद्राचं ऑडिटऑनलाइन नावाचं पोर्टल आहे. गावाचं नाव टाकून लेखापरीक्षणाचे अहवाल पाहता येतात. महापालिका आणि जिल्हा परिषदेचे अहवाल मात्र मागूनच घ्यावे लागतात.

तिसरी पायरी: आक्षेपाची भाषा ओळखा

आधी पॅरा जन्माला कसा येतो ते पाहू. ऑडिट पार्टी कार्यालयात येते, रेकॉर्ड मागते. शंका आली की अर्धसमास काढते. पानाच्या एका बाजूला शंका, दुसऱ्या बाजूला कार्यालयाचं उत्तर. उत्तर पटलं तर विषय तिथेच संपतो. नाही पटलं तर तो निरीक्षण अहवालात जातो. त्यातले गंभीर मुद्दे छापील अहवालात पोचतात. सगळ्यात जास्त गळती या पहिल्या टप्प्यावर होते. काल न सापडलेली फाइल ऑडिट पार्टीचा मुक्काम संपायच्या आदल्या दिवशी कपाटातून निघते आणि मुद्दा मिटतो. म्हणून फक्त छापील अहवालावर थांबू नका; तुमच्या कामाची गोष्ट बहुतेक निरीक्षण अहवालातच असते.

आता वाचताना कुठे थांबायचं ते सांगतो. ‘अभिलेख उपलब्ध करून देण्यात आले नाहीत’ हे वाक्य दिसलं की पेन्सिलने खूण करा. माझ्या लेखी अहवालातलं सगळ्यात गंभीर वाक्य हेच. रकमेचा आक्षेप निदान कागद पाहून घेतलेला असतो. इथे कागदच दडवलाय. ‘अतिप्रदान’ म्हणजे देणं होतं त्याहून जास्त दिलं, आणि त्याच्या शेजारी ‘वसूलपात्र’ रक्कम लिहिलेली असते. ‘कंत्राटदारास अवाजवी लाभ’ असेल तर कराराचं कुठलं कलम वाकवलं ते त्याच परिच्छेदात असतं. ‘निष्फळ खर्च’ म्हणजे इमारत बांधली पण वीजजोडणी नाही, यंत्र आणलं पण चालवणारा नाही. यात लबाडीइतकाच नुसता गलथानपणाही असू शकतो. ‘उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित’ म्हणजे पैसा गेला, पण कशावर खर्च झाला हे कुणी लेखी सांगितलेलं नाही. ‘तसलमात’ म्हणजे कामासाठी उचललेली आगाऊ रक्कम. ती वर्षानुवर्षं समायोजित न होता पडली असेल तर कुणाच्या नावावर पडलीय ते विचारा. आणि ‘कामाचे तुकडे पाडले’ असं आलं की एकाच रस्त्याची चार-पाच कामं, प्रत्येक ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

विदर्भात आणखी एक शब्द अंगवळणी पडायला हवा: सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं. मूळ किंमत 372 कोटी होती, ती सुधारत सुधारत 18 हजार कोटींच्या पुढे गेली. 2009 साली तर काही महिन्यांतच विदर्भातल्या 38 सिंचन प्रकल्पांची किंमत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर नेण्यात आली. भाववाढ, वाढीव भूसंपादन, बदललेलं संकल्पचित्र ही कारणं प्रत्येक सुप्रमात असतात आणि काही खरीही असतात. म्हणून ‘किंमत वाढली’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या कारणाने किती वाढली, ती मान्यता कुणाच्या सहीने आणि कोणत्या तारखेला मिळाली, ही फोड मागा. निवडणुकीची आचारसंहिता आणि मान्यतेची तारीख शेजारी ठेवून पाहिली तर पुष्कळदा जास्त काही सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: एकच पॅरा धरा आणि मूळ कागद मागा

अख्खा अहवाल घेऊन लढायला गेलात तर दमाल. आपल्या प्रभागातलं किंवा गावातलं, पायी जाऊन पाहता येईल असं एक काम निवडा आणि त्यावर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसणारा हवा, नाहीतर तेवढंच निमित्त करून परत पाठवतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरा. ‘का’ आणि ‘कसं’ असे प्रश्न विचारू नका. खुलासा देणं माहिती अधिकारात बसत नाही असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन कागदच मागा. नमुना असा:

‘विषय: अमुक प्रभागातील अमुक चौक ते अमुक चौक सिमेंट रस्त्याचे काम, वर्ष अमुक. पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: (1) प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक. (2) कार्यादेश. (3) मोजमाप पुस्तिकेची या कामाची सर्व पाने. (4) सर्व रनिंग बिले व अंतिम देयक. (5) काँक्रीट पुरवठ्याची चलने आणि क्यूब चाचणीचे अहवाल. (6) या कामावर लेखापरीक्षणात घेतलेले आक्षेप व त्यांचे अनुपालन. प्रती देण्यापूर्वी मूळ अभिलेखाचे अवलोकन करण्याची इच्छा आहे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. मूळ पुस्तिका हातात घेतली की झेरॉक्समध्ये न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: खाडाखोड, वेगळ्या शाईतला आकडा, मध्येच गाळलेलं पान, एकाच दिवशी एकाच अभियंत्याने शहराच्या दोन टोकांना घेतलेली मोजमापं. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला मिळायला हवेत. काउंटरवर ‘असं काही नसतं’ असं ऐकायला मिळेल, म्हणून शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याला 20 रुपये लागतात. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे रांग लांब असते, पण खात्यातल्या माणसाला आयोगाच्या सुनावणीचा कंटाळा तुमच्यापेक्षा जास्त असतो.

एक अडचण हमखास येते. कॅगचा मसुदा विधिमंडळात मांडलेला नसेल तर विशेषाधिकाराचं कारण देऊन कलम 8 खाली नकार मिळतो. तेव्हा मसुदा मागायच्या फंदात पडू नका. खर्चाची मूळ कागदपत्रं खात्याचीच असतात, ती मागा. बिल आणि मोजमाप पुस्तिका हाती असली की मसुद्याची गरज फारशी उरत नाही.

पाचवी पायरी: टेप घेऊन रस्त्यावर जा

समजा, मोजमाप पुस्तिकेत लांबी 420 मीटर, रुंदी 5.50 मीटर आणि जाडी 0.20 मीटर आहे. गुणाकार केला की 462 घनमीटर काँक्रीट. तुम्ही टेप लावली आणि लांबी 356 मीटरच भरली. म्हणजे 391.6 घनमीटर. फरक 70.4 घनमीटर.

लगेच पत्रकार परिषद बोलावू नका. चौकातला पसरट भाग, बाजूच्या गल्ल्यांची तोंडं पुस्तिकेत वेगळ्या ओळीत धरलेली असतात किंवा मुख्य लांबीत मिळवलेली असतात. त्या ओळी शोधा, नकाशाशी जुळवा. तरीही फरक उरला तर चलनांकडे वळा. रेडी मिक्सची एक गाडी साधारण 6 घनमीटर माल आणते, म्हणजे 462 घनमीटरला 77 च्या आसपास खेपा व्हायला हव्यात. चलनं मोजा. प्रत्येकावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ असते. एकच गाडी अर्ध्या तासात प्लांटवरून दोनदा निघालेली दिसली तर ते कागद बाजूला काढा.

गाडीचे नंबर ही जुनी आणि खात्रीची किल्ली आहे. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरं आणि खाद्य वाहून नेल्याच्या बिलांवरचे नंबर तपासले तर त्यात स्कूटर आणि मोपेड निघाल्या. टंचाईतले टँकर, गाळ काढणं, मुरूम टाकणं, कचरा वाहतूक, या सगळ्या बिलांना हीच परीक्षा लावता येते. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकला की वाहनाचा प्रकार कळतो. फोटो घ्या, पण तारीख-वेळ उमटेल असे घ्या. जाडी मात्र डोळ्यांनी ठरवू नका. त्यासाठी कोअर टेस्ट (रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याची तपासणी) किंवा त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचा अहवाल लागतो, तो मागा.

एकट्याने जाऊ नका. हा भित्रेपणा नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला. मोजायला तिघे-चौघे जा, आणि सगळ्या कागदांच्या प्रती दोन-तीन घरांत राहू द्या.

सहावी पायरी: अनुपालन खरं की कागदी, ते बघा

आक्षेपावर खातं जे उत्तर देतं त्याला अनुपालन म्हणतात. ‘वसुलीची कार्यवाही सुरू आहे’, ‘संबंधितांना नोटीस बजावली आहे’, ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ ही तीन वाक्यं तुम्हाला इतक्या वेळा भेटतील की पाठ होतील. प्रत्येकाचा पुरावा मागा. वसुली झाली असेल तर चलन क्रमांक आणि तारीख, नोटीस गेली असेल तर तिची प्रत आणि पोच. पॅरा वगळला असेल तर कोणत्या पत्राने वगळला, कुणाच्या सहीने आणि कोणता कागद पाहून, ते विचारा.

छापील अहवालातले पॅरे विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातात, महामंडळांचे सार्वजनिक उपक्रम समितीकडे. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद प्रथेने विरोधी पक्षाकडे असतं आणि ती सचिवांना समोर बसवून विचारू शकते. जिल्हा परिषदेसाठी पंचायत राज समिती (पीआरसी) आहे. पीआरसी येणार म्हटलं की पंचायत समित्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. समितीच्या दौऱ्याच्या तारखा आधी जाहीर होतात. अध्यक्षांच्या नावाने दोन पानांचं निवेदन द्या: पॅरा क्रमांक, वर्ष, रक्कम, खात्याचं उत्तर आणि जागेवर दिसलेली वस्तुस्थिती. भाषण नको. आमदाराकडे जायचं तर तारांकित प्रश्नासाठी अधिवेशनाच्या बरंच आधी जा. मोर्चे निघायला लागले की कुठल्याही स्वीय सहायकाला तुमचं निवेदन वाचायला वेळ नसतो.

सातवी पायरी: तक्रार करताना आकडा आणि शब्द जपून

2010 च्या टूजी (मोबाइल लहरींच्या वाटपावरच्या) अहवालात कॅगने 1.76 लाख कोटींच्या संभाव्य नुकसानीचा अंदाज मांडला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये 122 परवाने रद्द केले. तरी फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. निर्णय चुकीचा ठरणं आणि लाच सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात ‘संभाव्य’ असेल तर तुमच्या तक्रारीतही ‘संभाव्य’च लिहा. ‘अमक्याने इतके खाल्ले’ असं लिहिलंत तर चर्चा घोटाळ्यावरून तुमच्या बदनामीच्या खटल्यावर जाते. ‘पॅरा क्रमांक अमुकनुसार इतकी रक्कम आक्षेपाधीन’ एवढं पुरेसं बोचतं.

थेट लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, 1064 हा त्यांचा क्रमांक. फाइलवरच्या निर्णयाबद्दल तक्रार असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 17अ आडवं येतं: चौकशीआधी सरकारची परवानगी लागते. म्हणून अशा तक्रारीत निर्णयापेक्षा खोट्या नोंदींवर भर द्या. न झालेल्या कामाची मोजमापं, बनावट चलनं, दोनदा निघालेलं बिल यांना धोरणात्मक निर्णयाची ढाल घेता येत नाही. सहकारी संस्थेचं प्रकरण असेल तर निबंधकाकडे कलम 88 ची चौकशी मागा. संचालकांवर नुकसानीची जबाबदारी वैयक्तिक ठरते ती त्याच कलमाने. सगळीकडून नकारच आला तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका करता येते, पण न्यायालय पहिल्याच तारखेला विचारतं की आधी कुणाकुणाकडे गेला होता. तेव्हा प्रत्येक अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि तारीख पहिल्या दिवसापासून एका वहीत मांडत जा, आणि शिक्का बसलेली प्रत हातात आल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.